फळा पुसणें

फळा कोणीं पुसावा, या प्रश्नाचा निकाल आमच्या कॉलेजांत अजून लागलेला नाहीं. ज्यानें लिहिलें त्यानें जातांना पुसावें, असें एका पक्षाचें म्हणणें. ज्याला लिहावयाचें आहे त्यानें आल्यावर पुसून घ्यावें, असें दुसऱ्या पक्षाचें. दोन्ही पक्षांत वजनदार प्राध्यापक आहेत, आणि त्यामुळें व्हावयाचें तेंच होतें: फळा बहुधा कोणीच पुसत नाहीं. मी गणित शिकवितों. वर्गांत शिरावें तों अर्थशास्त्राच्या तासाची मागणीची वक्ररेषा फळ्यावर आरामांत पहुडलेली असते, आणि पहिलीं पांच मिनिटें तिची समजूत घालण्यांत जातात. मी स्वतः पहिल्या पक्षाचा. तीस वर्षांच्या नोकरींत फळा न पुसतां मी कधीं वर्गाबाहेर पडलों नाहीं, आणि या गोष्टीचा मला थोडासा अभिमानही होता. ‘होता’ असें म्हणतों, कारण २०१५ च्या ऑगस्ट महिन्यांत तो गेला. कसा गेला तें सांगावयाचें बरेच दिवस मनांत होतें.

गणित आणि संगणक हे सख्खे भाऊ असले पाहिजेत, असा आमच्या प्रिन्सिपॉलसाहेबांचा समज असल्यामुळें त्या वर्षीं कॉलेजच्या संगणक समितीचें अध्यक्षपद माझ्याकडे आलें होतें. अध्यक्ष या नात्यानें मला काय कळत होतें, हें कोणीं विचारूं नये. काम सगळें एक तरुण पाहत असे. तो माझाच जुना विद्यार्थी. वर्गांत तो मागच्या बाकावर बसे, कमी बोले, आणि गणित सुटलें तरी पुन्हां एकदां तपासून पाही. जिन्याखालच्या एका थंडगार खोलींत कॉलेजचे सर्व्हर ठेवलेले होते. त्या खोलींत तो सकाळपासून रात्रीपर्यंत असे. सर्व कांहीं सुरळीत चाललें असतां त्याची आठवण कोणालाच होत नसे. बिघडलें म्हणजे मात्र सर्वांना होई.

या सर्व्हरांपैकीं दोघांचें काम नांवांचे पत्ते सांगण्याचें होतें. तें काम मला समजलें तें असें. आमच्या कॉलेजच्या दाराशीं पूर्वीं एक म्हातारा शिपाई बसत असे. कोणींही येऊन प्राध्यापकाचें नांव घ्यावें, आणि त्यानें खोलीचा आंकडा सांगावा. खोल्यांवर नांवांच्या पाट्या नव्हत्या. सगळी यादी त्याच्या डोक्यांत. एके दिवशीं त्याला भोंवळ आली, तेव्हां प्रत्येक प्राध्यापक आपापल्या खोलींत हजर असूनही भेटीला आलेलीं माणसें व्हरांड्यांत ताटकळत राहिलीं. इंटरनेटवर हें शिपायाचें काम डोमेन नेम सिस्टीम करते. माणसाला नांवें लक्षांत राहतात, यंत्राला आंकडे हवे असतात. मध्यें कोणी तरी सांगणारा लागतो. पूर्वीं साऱ्या जाळ्याची यादी कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्यें एकाच फाइलींत ठेवीत आणि ज्यानें त्यानें तिची नक्कल उतरून घ्यावी अशी वहिवाट होती. जाळें वाढलें, यादी आवरेना, तेव्हां १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं ही यादी जगभर वाटून देण्याची योजना आंखली. पुढें बर्कले येथील विद्यार्थ्यांनीं त्या योजनेप्रमाणें चालणारी एक आज्ञावली लिहिली. तिचें नांव बाइंड. तिची नववी पिढी २००० सालीं नव्यानें लिहून काढण्यांत आली, आणि जगांतील कितीएक संस्थांप्रमाणें आमचे दोन्ही शिपाईही याच घराण्यांतले होते.

बुधवार, २९ जुलै २०१५. डॉ. अब्दुल कलाम यांच्या निधनाला दोन दिवस झाले होते, आणि कॉलेजांत शोकसभेची तयारी चालली होती. दहाच्या सुमारास हा तरुण माझ्या खोलीच्या दाराशीं येऊन उभा राहिला. हातांत एक छापील कागद होता. बाइंडची निगा राखणाऱ्या अमेरिकेंतील संस्थेनें, इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियमनें, आदल्या दिवशीं एक सूचना प्रसिद्ध केली होती.

“सर, विशिष्ट तऱ्हेनें लिहिलेला एकच प्रश्न बाहेरून कोणींही विचारला, तर बाइंड जागच्या जागीं बंद पडतें,” तो म्हणाला.

“मग असे प्रश्न दारांतूनच परत लावावे.”

“तें जमण्यासारखें नाहीं, सर. कोणाला आंत घ्यावें याची चौकशी होण्यापूर्वींच तो प्रश्न वाचला जातो. शिवाय विचारणाराला स्वतःचा खोटा पत्ता लिहितां येतो.”

“आपल्याकडे दोन सर्व्हर आहेत ना? एक पडला तर दुसरा आहे.”

“दोघांवर बाइंडच आहे, सर. मग एकाच्या ऐवजीं दोन प्रश्न विचारावे लागतील, इतकेंच.”

त्याला सुधारलेली आवृत्ति बसवून सर्व्हर पुन्हां सुरू करावयाचे होते. काम दहा मिनिटांचें. प्रत्यक्ष सेवा बंद राहणार ती अर्धें मिनिट. परंतु त्यासाठीं माझी सही हवी होती. प्रवेशाच्या दिवसांत समितीच्या अध्यक्षाच्या लेखी संमतीशिवाय सर्व्हरला कोणीं हात लावूं नये, असा एक नियम होता, आणि तो माझ्याच पेनांतून उतरला होता. प्रवेशअर्जांची मुदत मंगळवारीं, चार तारखेला संपत होती.

“आजपर्यंत असा प्रश्न कोणीं विचारला आहे का?” मीं विचारलें.

“नाहीं, सर.”

“मग मंगळवारपर्यंत कोणी विचारीत नाहीं.”

हें वाक्य मला त्या वेळीं फार चतुरपणाचें वाटलें. गणिताच्या प्राध्यापकानें असलें अनुमान काढावें याची आज लाज वाटते. तो घुटमळला, आणि मग म्हणाला, “सर, कालपर्यंत हें भोंक फार थोड्या लोकांना ठाऊक होतें. काल ठिगळ प्रसिद्ध झालें, आणि ठिगळाबरोबर भोंकही प्रसिद्ध झालें.”

अशा दुरुस्तीला ते लोक पॅच म्हणतात. आपलें ठिगळच तें. लहानपणीं माझ्या चड्डीला आईनें लाविलेलें ठिगळ मला आठवलें. चड्डी फाटलेली होती तोंवर कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. ठिगळ लागलें त्या दिवशीं साऱ्या वर्गाचे डोळे नेमके तेथेंच गेले. म्हणजे तो काय म्हणत होता हें मला उत्तम समजलें होतें. आतां जुनी आणि नवी आवृत्ति शेजारीं शेजारीं ठेवून कोणींही पाहावें, फरक कोठें आहे तें शोधावें, आणि ज्यांनीं ठिगळ लाविलें नाहीं त्यांच्या दारीं जावें. त्या सूचनेपासून एक शर्यत सुरू झाली होती, आणि तिच्यांत मी आमच्या कॉलेजला मंगळवारपर्यंत उभें करून ठेविलें होतें. समजलें सगळें, पण एकदां ‘नाहीं’ म्हटल्यावर ‘हो’ म्हणणें अध्यक्षाला जड जातें.

शुक्रवारीं गुरुपौर्णिमा होती. सकाळींच तो घरीं आला, दोन सोनचाफ्याचीं फुलें माझ्यासमोर ठेवलीं, आणि वांकून नमस्कार केला. मीं तोंडभर आशीर्वाद दिला. उठतांना तो हळूच म्हणाला, “सर, आज रात्रीं बारानंतर केलें तर? त्या वेळीं अर्ज भरणारें कोणी नसतें.” मीं म्हटलें, “मंगळवारनंतर.” त्याच्या व्यवसायांतले लोक जुलैचा शेवटचा शुक्रवार हा आपल्या कदरीचा दिवस मानतात, २००० सालापासून ही प्रथा आहे, आणि त्या वर्षीं तो दिवस नेमका गुरुपौर्णिमेवर आला होता, हें मला पुष्कळ उशिरां कळलें. त्यानें मला नमस्कार केला. मीं त्याचें ऐकलें देखील नाहीं. त्या दिवशींच्या देवघेवीचा हिशेब असा आहे.

सोमवारीं, तीन ऑगस्टला, दुपारीं बाराच्या सुमारास शिपायाला भोंवळ आली. एकाला आली, आणि मिनिटाच्या आंत दुसऱ्यालाही. आमची संकेतस्थळाची व्यवस्था ठणठणीत होती, अर्ज घेणारें यंत्र जागें होतें, खोलींतले हिरवे दिवे लुकलुकत होते. फक्त तेथें जावयाचा रस्ता सांगणारें कोणी नव्हतें. ज्यांच्या यंत्रांनीं थोड्या वेळापूर्वीं पत्ता विचारून टिपून ठेवला होता, त्यांचें कांहीं काळ अडलें नाहीं. नव्यानें येणाऱ्यांच्या पुढें मात्र कोरें पान. आंतल्यांची गत तीच. बाहेरच्या जगाचे पत्तेही हेच दोघे विचारून आणीत असल्यामुळें ग्रंथालय, कचेरी, प्रयोगशाळा, सर्वत्र एकदम सामसूम झाली. फोन वाजूं लागले. बाहेरगांवाहून आलेले एक वडील मुलीला घेऊन खिडकीशीं उभे होते. अर्ज जाईना, आणि परतीची एसटी साडेतीनची. आंतला कारकून त्यांना पुनःपुन्हां सांगत होता, “आमचें सगळें चालू आहे हो.” तें खरेंही होतें.

त्यानें सर्व्हर पुन्हां सुरू केले. पाव तासांत पुन्हां पडले. नोंदवहींत दोन्ही वेळां शेवटची ओळ एकाच अर्थाची होती: अमुक ठिकाणची अट मोडली, सबब मी बाहेर पडत आहे. मग त्यानें मला विचारलें नाहीं. ठिगळ लाविलें. दोनपर्यंत सर्व पूर्ववत् झालें. मुदत दोन दिवस वाढविण्यांत आली. ते वडील साडेतीनच्या गाडीनें गेले कीं नाहीं, हें मला माहीत नाहीं.

चार वाजतां प्रिन्सिपॉलसाहेबांनीं आम्हां दोघांना बोलाविलें.

“ही सूचना केव्हां आली होती?”

“बुधवारीं, साहेब,” तो म्हणाला.

“मग सोमवारपर्यंत काय केलें?”

त्यानें एकदां माझ्याकडे पाहिलें. टेबलावर एक कांचेचें पेपरवेट होतें, त्याच्या आंत निळीं फुलें होतीं. मी तीं फुलें पाहत बसलों. कांहीं क्षण कोणी बोललें नाहीं. वर्गांत प्रश्न विचारल्यावर अशी शांतता किती तरी वेळां मीं मुद्दाम पसरूं दिली आहे. तिचें वजन केवढें असतें तें त्या दिवशीं कळलें. अखेर तोच म्हणाला, “राहून गेलें, साहेब.”

संध्याकाळीं त्याला मेमो मिळाला.

मी घरीं जाण्याऐवजीं जिन्याखालच्या खोलींत गेलों. काय बोलावें तें सुचेना, म्हणून विचारलें, “तो दोष तरी काय होता?” त्याचा चेहरा एकदम खुलला. आपल्या कामाविषयीं कोणीं विचारलें असा तो बहुधा पहिलाच प्रसंग असावा. त्यानें जुनी व नवी आवृत्ति पडद्यावर शेजारीं शेजारीं मांडून मला दाखविली.

दोन यंत्रांनीं आपसांत गुप्त किल्ली ठरवावी, यासाठीं टीकी नांवाचा एक प्रकारचा प्रश्न असतो. सामान्य माणसाच्या वाट्याला तो कधीं येत नाहीं. असा प्रश्न आला म्हणजे बाइंड त्या पत्राच्या शेवटच्या, पुरवणीच्या भागांत किल्लीचा मजकूर शोधतें. तेथें मिळाला नाहीं तर उत्तराच्या भागांत शोधतें, कारण विंडोज २००० तो तेथें ठेवतें. तशी टीपच त्या ठिकाणीं लिहिलेली होती. दोन्ही शोध एकच कारागीर करतो, आणि कामाला हात लावण्यापूर्वीं त्याची एक अट असते: सांपडलेलें नांव लिहावयाची जागा रिकामी पाहिजे. आतां पहिल्या शोधांत नांवच मिळालें नाहीं, तर जागा रिकामीच राहते आणि दुसरा शोध निर्वेध चालतो. पण कोणीं मुद्दाम पुरवणींत नांव तेंच ठेवलें आणि त्याखालीं मजकूर भलत्याच जातीचा लिहिला, तर? नांव सांपडतें, जागेवर लिहिलें जातें. हवा तो मजकूर नसल्यामुळें शोध मात्र फसतो. मग दुसरा शोध. कारागीर पाहतो तों जागा भरलेली. अट मोडली. तो हातांतलीं हत्यारें खालीं ठेवतो, आणि सगळा कारखाना बंद होतो.

“आणि ठिगळ?”

त्यानें एका ओळीवर बोट ठेविलें. दोन शोधांच्या मधोमध एकच नवी ओळ घातलेली होती. तिचा अर्थ एवढाच कीं, नांवाची जागा रिकामी कर. ही ओळ २००१ सालीं निघालेल्या आवृत्तींतच असावयास हवी होती. चौदा वर्षें ती कोणाच्या ध्यानांत आली नाहीं; मधल्या काळांत कितीएक जाणत्या डोळ्यांनीं तें पान वाचलें असेल.

“फळा पुसला नव्हता, सर,” तो हंसून म्हणाला. “एवढेंच.”

मला टोमणा मारण्याचा त्याचा हेतु नव्हता. तो माझा विद्यार्थी. फळ्यावरचीं माझीं व्याख्यानें त्यानें तीन वर्षें ऐकलेलीं. माझ्याच भाषेंत मला समजावून द्यावें, इतकाच त्याचा उद्देश. पण घरीं जातांना तें वाक्य पायांत घोटाळत राहिलें.

त्याला मीं आणखी एक गोष्ट विचारली होती. जागा भरलेली दिसली तर कारागिरानें ती स्वतःच पुसून घ्यावी, नाहीं तर तसेंच पुढें जावें. एवढ्यासाठीं सगळें बंद कां करावें? त्यानें सांगितलें कीं, बाइंडच्या आधींच्या पिढ्या असें कांहीं तपासून पाहत नसत; आंत घोटाळा झाला तरी त्या पुढें चालत, आणि अशाच घोटाळ्यांचा फायदा घेऊन चोर संबंध यंत्राचे मालक होऊन बसले होते. म्हणून नवव्या पिढीच्या कर्त्यांनीं तिला पावलोपावलीं स्वतःची परीक्षा घ्यावयास शिकविलें. आपल्या आंत कांहीं तरी असावें तसें नाहीं, असें आढळलें कीं तिनें तेथेंच थांबावें आणि कां थांबलों तें लिहून ठेवावें. चोर घरांत शिरण्यापेक्षां दुकान बंद झालेलें बरें. ज्या गुणामुळें ती सुरक्षित झाली, त्याच गुणामुळें तिला कोणीही एका प्रश्नानें पाडूं शकत होतें. त्या दुपारीं आमचीं दोन यंत्रें पडलीं, तीं एका अर्थीं प्रामाणिकपणानें पडलीं.

आणि त्याच दुपारीं चार वाजतां माझ्या आंतही कांहीं तरी असावें तसें नव्हतें. बुधवारचें ‘नाहीं’ माझ्या मनाच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलें होतें, आणि तें न पुसतां मी प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलींत जाऊन बसलों होतों. यंत्राला जागा भरलेली दिसली. तें थांबलें, आणि नोंदवहींत कारण लिहून गेलें. मला दिसली, तरी मी चालूच राहिलों. रस्त्यानें दोघां-तिघांनीं नमस्कार केला, तो मीं नेहमींच्या रुबाबानें घेतला. रात्रीं जेवलोंही नेहमींसारखाच.

पुढचे तीन दिवस आज-उद्यां करण्यांत गेले. शुक्रवारीं, सात तारखेला, मीं प्रिन्सिपॉलसाहेबांना एक चिठ्ठी लिहिली. पहिला मसुदा दीड पान झाला होता. त्यांत प्रवेशाची गर्दी, नियमाचा उद्देश, सदर धोक्याचें स्वरूप वगैरे बरेंच होतें. तो फाडला. उरली ती एक ओळ: दुरुस्तीची परवानगी बुधवारीं मागितली असतां मीं ती नाकारली, तरी विलंबाची जबाबदारी माझी आहे. साहेबांनीं चिठ्ठी वाचली, चष्मा काढून ठेविला, आणि म्हणाले, “अहो, आतां तें मिटलें आहे. कशाला उकरून काढतां?” मेमो परत घ्यावा असें मीं सुचविलें. दिलेला मेमो परत घेण्याची पद्धत नाहीं, असें कळलें. माझी चिठ्ठी मात्र त्याच फाइलींत मेमोच्या मागें टांचून ठेवण्यांत आली. ठिगळ लागलें, वस्त्र फाटलें होतें तें फाटलेंच.

त्याला मीं हें सांगितलें, तेव्हां त्यानें मान खालीं घातली आणि म्हणाला, “कशाला, सर?” त्याहून अधिक आम्ही त्या विषयावर कधीं बोललों नाहीं. तो लिहिलेला नियम मात्र मीं त्याच आठवड्यांत रद्द करविला.

दोन वर्षांनीं तो पुण्याला एका मोठ्या कचेरींत गेला. अधूनमधून त्याचा फोन येतो. २०२४ च्या फेब्रुवारींत असाच आला. जर्मनींतील संशोधकांनीं पुन्हां एक दोष शोधून काढला होता. त्याला त्यांनीं कीट्रॅप असें नांव दिलें होतें. या खेपेला चूक एखाद्या ओळींत नव्हती, नियमांतच होती. पत्त्याची सही खरी आहे कीं खोटी हें ठरवितांना, जुळण्याजोगी प्रत्येक किल्ली प्रत्येक सहीला लावून पाहावी, असा सद्हेतूनें केलेला नियम. कोणीं मुद्दाम किल्ल्यांचे आणि सह्यांचे जुडगे पाठविले, तर बिचारा शिपाई इमानानें लावून पाहतच बसतो; बाइंड एका उत्तरापायीं सोळा तासांपर्यंत अडकून पडूं शकतें, असें त्या संशोधकांनीं दाखविलें होतें. या नियमाचें मूळ १९९९ पर्यंत मागें जातें. बाइंड आणि तिच्याबरोबरीच्या इतर आज्ञावल्या यांच्या कर्त्यांनीं आधीं गुपचूप एकत्र बसून ठिगळें तयार केलीं, आणि मगच भोंकाची वाच्यता केली.

“मग, तुमच्याकडे लाविलें का?” मीं विचारलें.

“त्याच रात्रीं, सर. आतां सही माझीच असते.”

तो हंसला. मीही हंसलों, पण किंचित् उशिरां.

फळ्याचा वाद आमच्या कॉलेजांत अजून चालू आहे. मी मात्र हल्लीं त्यांत भाग घेत नाहीं. जातांना पुसतों, आणि आल्यावरही पुसून घेतों.